सहावं शील

"कोणी विचारलं तर बोट म्हणायचं. नुसतं बोट. पुढचं मी सांभाळते," शिरा ढवळता ढवळता सरोजा म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती आणि प्रितमचं उत्तरही सकाळपासून तेच होतं.

"बघू."

"बघू काय बघू? मेल्या, बहिणीचा साखरपुडा आहे आज. तुझं ते बघू घेऊन परदेशात बस जा."

प्रितम ओट्याला टेकून शिऱ्यासाठी काढलेले काजू खात होता. चौतिशीतला माणूस, कपाळावरचे केस मागे सरकलेले, पण आईच्या स्वयंपाकघरात आला की वाटीत हात घालायची सवय गेली नव्हती. "आई, बोट सोडून चार वर्षं झाली," तो म्हणाला.

"तुला माहितीय. मला माहितीय. त्यांना कशाला माहिती व्हायला पाहिजे?"

आता हे बोटीचं खोटं पहिल्यांदा कोणी सुरू केलं, यावर येलव्यांच्या घरात अजूनही जुंपते. सरोजा म्हणते नवऱ्याने, श्रीपतीने; श्रीपती म्हणतो सरोजाने. खरं सांगायचं तर दोघांनी मिळून. प्रितम प्रवासी बोटीवर स्टुअर्ड म्हणून लागला तेव्हा ही मंडळी कुर्ल्याला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होती आणि पेढे अख्ख्या बिल्डिंगीत वाटले होते. त्या बोटीवर जेवणं आटपली की खलाशी आणि आचारी पत्त्यांतला पोकर खेळत बसायचे, तिथे हा शिकला. मग बंदराच्या गावात स्पर्धा असल्या की सुट्टी टाकून खेळायला लागला, आणि त्र्याण्णव साली एक दिवस फोन करून म्हणाला, नोकरी सोडली, आता मी पोकरच खेळणार. श्रीपतीला वाटलं, पोकर ही दुसरी कंपनी आहे. पोरगा पोकरमध्ये लागला, असं तो ऑफिसात सांगत सुटला. कोणीतरी हसत हसत खरं काय ते समजावल्यावर त्या रात्री तो जेवला नाही. तेव्हापासून पुन्हा बोट. मीरा रोडच्या पूनम सागरमधला हा दोन खोल्यांचा फ्लॅट लोकांच्या लेखी बोटीने घेतला, फ्रीज बोटीने आणला, आणि बहिणीचं, संघप्रियाचं, जमल्यावर मुलाकडे द्यायचा बायोडेटा लिहिताना भावाच्या नावापुढे ठळक अक्षरात बोटच लिहिली गेली.

"पाव्हणे आले!" बाल्कनीतून सुचेताआत्या ओरडली. श्रीपतीची ही धाकटी बहीण. तिचा आवाज जन्मापासून लाउडस्पीकरचा.

भाईंदरच्या इंद्रलोकहून दोन रिक्षा आल्या होत्या. खिल्लारे मंडळी मूळची परभणीकडची, पण भाईंदरला येऊन बरीच वर्षं झालेली. बाबाजी खिल्लारे पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या सफारीतले. त्यांच्या मागे त्यांची बायको मनोरमा, आणि मग मुलगा गणेश. बौद्धाच्या घरात गणेश कसा, हे एव्हाना सगळ्यांनी विचारून झालं होतं. आजीने ठेवलेलं नाव, आणि आजीपुढे कोणाचं चालतंय? टेलिफोन खात्यात होता, कबड्डी खेळायचा, आणि संघप्रियाला तो मनापासून आवडला होता. ती बोरिवलीला एका लॅबमध्ये कामाला होती. तिथे रक्त द्यायला आलेला हा धिप्पाड गडी सुई बघून पांढराफटक पडला आणि तिथेच त्यांचं जमलं.

जय भीम, जय भीम झालं. शेजारच्या शहाकाकींकडून आणलेल्या खुर्च्यांवर मंडळी टेकली, शहाकाकी स्वतःही दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बौद्धाचार्य आधीच येऊन बसले होते. भगवंतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे फुलं मांडून झाली होती, मेणबत्त्या लावायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"तुमच्याकडं टँकर येतो का हो रोज?" बाबाजींनी विचारलं. मीरा-भाईंदरात कोणतीही सोयरीक पाण्यापासूनच सुरू होते.

"येतो म्हणतात," श्रीपती म्हणाला. "आला की आम्ही खाली, गेला की आम्ही वर."

सगळे हसले. छान चाललं होतं. श्रीपतीला वाटलं, आता मेणबत्त्या लावाव्यात. तेवढ्यात बाबाजींनी बशी खाली ठेवली आणि प्रितमकडे वळले.

"मग, सध्या कोणत्या बोटीवर काम करायलात तुम्ही?"

"मोठी आहे!" सरोजा दारातून म्हणाली. "पांढरी."

प्रितमने आईकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या गणेशकडे पाहिलं, जो त्याचा मेहुणा होणार होता. "बोट नाही आता," तो म्हणाला. "चार वर्षं झाली सोडून. मी पोकर खेळतो. पत्त्यांचा खेळ असतो. त्याच्या स्पर्धा होतात परदेशात, त्या खेळतो."

"ते हौस झाली. कामधंदा?"

"हाच."

सुचेताआत्याच्या हातातून चमचा पडला. तो उचलायला ती वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

"म्हंजे जुगार," बाबाजी म्हणाले.

"पत्ते आहेत, पैसे लागतात. तुम्ही जुगार म्हणालात तर मी भांडणार नाही. पण कसं असतं ते सांगतो. कॅरमच्या स्पर्धेसारखी फी एकदाच भरायची. सगळ्यांना पैशांऐवजी सारख्या चकत्या. चकत्या संपल्या की उठायचं, घरून आणून पुन्हा बसता येत नाही. शेवटी जे टिकतात त्यांना बक्षीस. मी परवा व्हिएन्नाला चाललोय, तिथे मोठी स्पर्धा आहे."

"अन् त्यात थापा माराव्या लागतात, खरं का न्हाई? हातात काही नसताना लई आहे म्हणून दाखवायचं?"

"लागतं तसं."

"मग चौथं शील कुठं गेलं? खोटं बोलणार न्हाई म्हणून इथं उभं राहून म्हणणार, अन् तिकडं जाऊन त्याच्यावरच पोट भरणार?"

"टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की समोरचा लपवतोय. तोच खेळ आहे. कबड्डीत हूल देतात, ती काय खोटं बोलण्यात धरतात का?"

गणेशला हसू फुटलं. बापाने नुसतं बघितलं आणि त्याने ते गिळून टाकलं.

बाबाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात बोलायला लागले आणि खोलीतल्या कोणालाच हलता येईना. "माझा थोरला भाऊ," ते म्हणाले, "आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. आकड्याच्या नादाला लागला, मग तीन पत्ती. गावातलं शेत गेलं. आईच्या पायातले तोडे गेले, तिच्या पायातून काढून नेले त्यानं. शेवटी एस्टी स्टँडवर मेला, अन् मला ओळख पटवायला बोलावलं. तवापासून माझ्या घरात लेकरं भेंड्या लावत्याल, पण पत्त्याचा जोड आणत न्हाईत. आता तुम्ही मला सांगितलं बोट. चार महिने सांगितलं बोट."

श्रीपतीने मान खाली घातली.

"मुलगी गुणाची आहे. तिच्यावर माझा राग न्हाई," बाबाजी बौद्धाचार्यांकडे वळले. "आचार्य, पंचशील घ्यायच्या आधी या माणसाला सगळ्यांपुढं उभं करा. आजपासून पत्त्याला हात लावणार न्हाई, अशी शपथ घेऊ द्या त्याला. सहावं शील म्हणा. मग अंगठी. न्हाईतर आम्ही निघालो."

आचार्यांनी चष्मा वर सरकवला. "शीलं पाचच आहेत बाबाजी. सहावं मी कुठून आणू?"

"जुगार वाईट म्हणून भगवंतांनी सांगितलंय का न्हाई?"

"सांगितलंय. ते खरंय."

"मग झालं तर."

श्रीपती उठला, हात जोडून म्हणाला, "पाच मिनिटं द्या आम्हाला." आणि सगळ्या घराला आतल्या खोलीत घेऊन त्याने दार लावलं.

आत पलंगावर मानपानाच्या साड्यांचे ढीग होते. पांढरी साडी नेसलेली संघप्रिया त्यांच्या मधोमध बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मीरा रोडच्या भिंती कागदाच्या असतात.

"जीभ आहे का कैची?" सरोजा दबक्या आवाजात कडाडली. "एक शब्द बोलायला सांगितला होता. एक!"

"त्यांनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं."

"मोठा आला सरळ! बोटीचा म्हणून सांगितलेल्या या फ्लॅटमध्ये झोपतोस तेव्हा सरळ असतोस ना? लोकांना आम्ही तोंड देतो इथे."

"आता वाद नको," श्रीपती म्हणाला. "झालं ते झालं. प्रितम, बाहेर जायचं आणि शपथ घ्यायची."

"आणि परवा?"

"परवा जा. कोण येतंय व्हिएन्नाला बघायला?"

"म्हणजे खोटी शपथ घेऊ."

"हो, खोटी!" श्रीपतीचा आवाज चढला आणि त्याने तो ओढून खाली आणला. "जन्मभर थापा मारून जेवतोस. एक थाप बहिणीसाठी मार. काय कमी होणार आहे तुझं?"

हे श्रीपती येलवे बोलला. सिग्नल खात्यात हयात घालवलेला माणूस. एका अपघाताच्या चौकशीत साहेबाने जबाब फिरवायला सांगितला तर फिरवला नाही आणि त्यापायी बढती घालवून बसलेला. ते वर्ष या घराने कसं काढलं, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. पण त्याने ते मागे घेतले नाहीत. पोरीचं लग्न होतं.

"घे रे बाबा," सुचेताआत्या म्हणाली. "जिभेला काय हाड असतंय? बोलायचं आणि मोकळं व्हायचं."

प्रितम खिडकीशी गेला. खाली चिखलात टँकर उभा होता आणि बायका हंडे घेऊन भांडत होत्या. "अण्णा," तो पाठमोराच बापाला म्हणाला, "मी हातात काही नसताना आहे म्हणून दाखवतो, तेव्हा समोरच्याला शंका आली तर तो मला पत्ते उघडायला लावू शकतो. तेवढा हक्क असतो त्याला. बाहेरच्या त्या माणसाला काय उघडून बघता येणार आहे? माझा शब्द? त्याच्या भावाने तेच दिलं होतं त्याला."

"भाषण नको!" श्रीपती म्हणाला.

"मग भाषण नाही. शपथ घेणार नाही. बस."

"खालच्या एसटीडी बूथवर फोन आला होता तुझा," सरोजा एकदम रडवेली झाली, "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी, की परत बोटीवर जा नाहीतर तोंड दाखवू नकोस."

"काय म्हणाली होतीस ते आठवतंय का?" आता प्रितम वळला. आतापर्यंत गार होता, पण आता त्याचे कान लाल झाले होते. "माझा तिसरा नंबर आला होता, आई. देशोदेशीची माणसं बसली होती तिथे, नाव झालेली. त्यांच्यात मी तिसरा. हॉलमधून धावत बाहेर येऊन पहिला फोन तुला लावला. आणि तू म्हणालीस, हळू बोल, बूथवाला ऐकतोय. अगं, ऐकू दे ना! सगळ्या मीरा रोडला ऐकू दे! चोरी केली का मी? दारू पीत नाही, कोणाचं बुडवलेलं नाही, रात्र रात्र बसून शिकलोय. मी कधी म्हटलं होतं बोट सांगा म्हणून? बोट तुमची आहे. तुम्ही चालवा."

सरोजाने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की रागावली होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सुचेताआत्या साड्या बाजूला सारून पलंगावर बसली. "भाऊ," ती म्हणाली, "पोरगं खरं बोलतंय रे. मघाशी मी चुकून बोलले. खोटं आपलंच आहे, आणि निस्तरायला याला लावतोय आपण."

"वन्सं, तुम्ही आता पार्टी बदलू नका हां!"

"बदलणार. माझी जीभ आहे, हाड नाही तिला."

संघप्रिया उठली. तिला या कोणाचंच ऐकायचं नव्हतं. तिला गणेश पाहिजे होता. बाहेर तो शहाकाकींच्या खुर्चीत घामाघूम होऊन बसला असणार, हे तिला न बघता कळत होतं. ती भावासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी पण नाही?"

"दुसरं काहीही माग, प्रिया."

"मला हेच पाहिजे."

"मग नाही."

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. तो काही संतबिंत नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? हट्टी होता, मानी होता, लहानपणी हरला की सोंगट्या उधळून द्यायचा. आतासुद्धा यात निम्मा त्याचा अहंकार होता, तिला स्पष्ट दिसत होता.

"परवा मी गेलो की पंधरा दिवसांत त्यांना कळणार," प्रितम म्हणाला. "भाईंदरात काय लपतं? मग तू त्या घरात असशील. खोट्या शपथेच्या घरातली मुलगी म्हणून. तेव्हा तुझ्या कोणत्या शब्दावर ते विश्वास ठेवतील?"

"माझं मी बघितलं असतं. मला विचारलंस तू? सगळ्यांनी माझं लग्न माझ्या डोक्यावरून खेळायला घेतलंय!" ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की राग त्याच्यावर आहे खरा, पण तो बरोबर बोलतोय, आणि म्हणूनच इतका राग येतोय. तिने डोळे पुसले. काजळ गालावर आलं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. तिने कडी काढली.

"प्रिये, कुठे चाललीस?" सरोजाने हात धरायला बघितला. तोवर ती हॉलमध्ये पोचली होती.

सगळ्यांनी माना वर केल्या. साखरपुड्याची मुलगी बोलावल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि काजळ गालावर घेऊन तर नाहीच नाही.

"दादा शपथ घेणार नाही," ती उभ्या उभ्या म्हणाली. "आत आम्ही सगळ्यांनी त्याला खोटी शपथ घे म्हणून सांगितलं. मीसुद्धा. तो नाही म्हणाला. आणि बोटीचं जे तुम्हाला सांगितलं, ते खोटं आहे हे मलाही माहीत होतं. मी तुमच्या मुलालाही सांगितलं नाही, त्याची मी माफी मागते. आता तुम्हाला निघायचं असेल तर निघा. पण माझ्या भावाला पकडून आणल्यासारखं उभं करायचं नाही. या घरात नाही."

सरोजा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. श्रीपतीला जमीन फाटावी असं वाटलं. अख्ख्या हॉलसमोर, आचार्यांसमोर, शहाकाकींसमोर त्याच्या पोरीने घराचं पांघरूण ओढून काढलं होतं.

बाबाजी उठले. चेहरा राखेसारखा झाला होता. "चला," ते म्हणाले आणि दाराशी जाऊन चपला घालू लागले. त्यांच्याबरोबरची दोनचार माणसंही उठली. गणेश अर्धवट उठून तसाच राहिला, त्याला बापाकडे जावं की संघप्रियाकडे ते कळेना.

मनोरमा उठली नाही. आल्यापासून तिने एकदा पाणी मागितलं होतं, त्यापलीकडे तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"उठ की," बाबाजी म्हणाले.

"मी न्हाई उठत."

"काय?"

"न्हाई उठत म्हणलं." तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "भाऊजींनी किती शपथा घेतल्या हो? या गण्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतल्या, तवा हा पाळण्यात होता. आत्याबाईच्या, तुमच्या आईच्या, पायाची घेतली, अन् महिन्याच्या आत त्याच पायातले तोडे काढले. दर वेळी तुम्ही गळ्यात पडून रडलात, अन् दर वेळी मला म्हणलात, आता सुधारला बघ. मी गप ऱ्हायले. सून होते, काय बोलणार? शपथेचा माणूस म्या लई बघितलाय. शपथ न घेणारा आज पयला बघितला, अन् तुम्ही त्याला सोडून निघालात?"

"अगं, तो जुगार खेळतो!"

"खेळतो. मला बी पटत न्हाई, तोंडावर सांगते त्याला. पण सुनेचं तोंड बघा. सोयरीक मोडंल म्हणून माहीत असताना खरं बोलली. मला अशी घरात पायजे. भाऊजींच्या काळात घरात एक जरी असं बोलणारं असतं तर..."

बाबाजी प्रितमकडे वळले. तो आतल्या दारातून बाहेर आला होता. "उद्या बुडालास तर?"

"बुडालो तर तुमच्या दारात येणार नाही."

"ये की," मनोरमा म्हणाली. "जेवायला ये. पैशाला येऊ नको."

"मग लग्नात तरी जरा मागं राहा," बाबाजी म्हणाले. आता त्यांचा सूर मागण्याचा होता. "आमची माणसं विचारतील. मुलीचा भाऊ काय करतो म्हणून. नाव नको पुढं यायला."

"तो पुढेच उभा राहील," संघप्रिया म्हणाली. "आणि विचारलं की काय करतो ते सांगेल. तुम्हाला चालणार असेल तर बसा."

सुचेताआत्याच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. मुलीची बाजू अशी बोलते का कधी? पण गणेश एव्हाना पूर्ण खाली बसला होता. आपल्या खुर्चीत नाही, संघप्रियासाठी मांडलेल्या पाटाशेजारी, जमिनीवर.

"मी तर बसलो, बाबा," तो म्हणाला.

बाबाजींनी दाराचा हात सोडला. मग परत आले आणि खुर्चीवर बसले. चपला पायातच होत्या. हे सगळ्यांना दिसत होतं, पण सांगणार कोण? शेवटी मनोरमानेच खुणावलं. त्यांनी चपला काढल्या, आणि शहाकाकींनी त्या उचलून बाहेर नेऊन ठेवल्या.

"सहावं शील नको मग?" आचार्यांनी विचारलं.

"पाचच घ्या," बाबाजी म्हणाले. "तेवढी पाळली तरी लई झालं."

मेणबत्त्या लागल्या. सगळे हात जोडून उभे राहिले. सरोजा श्रीपतीच्या डाव्या हाताला, प्रितम उजव्या. आचार्यांनी त्रिशरण म्हटलं, मागोमाग खोलीने म्हटलं. मग शीलं सुरू झाली. श्रीपती ही शीलं मिसरूड फुटत असताना बापाच्या शेजारी उभा राहून शिकला होता, झोपेतून उठवलं तरी म्हणायचा. पहिलं झालं. दुसरं, तिसरं झालं. आचार्य म्हणाले, "मुसावादा वेरमणी," आणि खोली म्हणाली, आणि प्रितम सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाला, कोणी अडवून बघा अशा आवाजात.

श्रीपतीचं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तोवर आचार्य पाचव्यावर गेले होते.

"थांबा," श्रीपती म्हणाला.

आचार्य थांबले. बाबाजींनी चमकून पाहिलं, आता आणखी काय?

"चौथं परत घ्या. माझं राहिलं."

"अहो, मनात म्हणा," सरोजाने त्याची बाही ओढली. "लोक बघतायत."

"बघू दे." त्याने बाही सोडवून घेतली. "बंद खोलीत मी पोराला खोटं बोल म्हणून सांगितलं. आता मनात कसं म्हणू?"

"सगळ्यांनी परत म्हणायचं का?" आचार्यांनी विचारलं.

"नको. त्यांचं झालंय. मी एकटा म्हणतो."

श्रीपतीने हात पुन्हा जोडले. तसबिरींकडे तोंड करायला पाहिजे होतं, पण तो वळून प्रितमकडे बघत होता. आवाज फाटला, तरी त्याने चौथं शील पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत, मोठ्याने म्हटलं. आणि त्याच्या डाव्या हाताला सरोजाने, एक शब्द मागे राहत राहत, त्याच्याबरोबर तेच म्हटलं.